सहावी ते दहावीसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचा अभ्यासक्रम : कोणत्या वर्गाला काय द्यावे आणि ते कोणी शिकवावे?

पैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेच्या काठावरील एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मागच्या शिक्षण परिषदेत असे ठरले, की आमच्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातील, सहा शाळा आणि शेजारचे अनुदानित हायस्कूल यांनी मिळून सहावी ते दहावीसाठी शैक्षणिक व व्यवसाय मार्गदर्शनाचा अभ्यासक्रम तयार करावा. मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. प्रत्येक वर्गाला वर्षभरात २५ तासिका मिळतील, वेगळा शिक्षक मिळणार नाही आणि पैसा जवळजवळ नाही.

सध्या आमच्याकडे मार्गदर्शन म्हणजे दहावीच्या परीक्षेपूर्वी होणारे एक व्याख्यान असते. पाहुणे फळ्यावर कला, वाणिज्य आणि विज्ञान असे तीन रकाने आखतात, मुले ते उतरवून घेतात, आणि जूनमध्ये जिकडे मित्र जातो तिकडे जातात.

मसुद्याला हात घालण्यापूर्वी मी आठवीच्या ४१ मुलांना, माहीत असतील तेवढे व्यवसाय कागदावर लिहायला सांगितले. पोलीस, शिक्षक, डॉक्टर, तलाठी, फौजी आणि इंजिनिअर हे सहा शब्द जवळपास प्रत्येक कागदावर होते. शेती हा शब्द केवळ तिघांनी लिहिला, आणि या वर्गातील ३० हून अधिक मुलांच्या घरी शेती किंवा शेतमजुरी आहे. आपले आईवडील दिवसभर जे करतात ते काम या मुलांच्या लेखी व्यवसायात मोडतच नाही, ही गोष्ट मला त्या रात्री झोपू देईना. कोणत्या वर्गाला काय द्यावे, कोणी शिकवावे, आणि मुलांना खोटी आशा न दाखवता हे कसे करावे, यावर आपले अनुभव हवे आहेत.

जुना_खडू

सर, विषय काढलात याबद्दल मनापासून आभार. मी हायस्कूलचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आहे.

ही मागणी जुनी आहे. देशातील शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने १९६६ सालच्या अहवालात मार्गदर्शन प्राथमिक स्तरापासून सुरू व्हावे असे म्हटले होते, आणि माध्यमिक शाळांसाठी किमान तरतूद म्हणून दर १० शाळांच्या गटाला एक फिरता समुपदेशक असावा अशी शिफारस केली होती. तुमच्या सात शाळांचा गट त्या आकड्याच्या जवळच येतो. त्याच आयोगाने सुचवलेला कार्यानुभव, म्हणजे हाताने काम करून शिकण्याचा विषय, आपण शाळेत आणला, पण पुढे तो कागदी फुले आणि काथ्याच्या पायपुसण्यांपुरता उरला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून अभ्यासक्रम लिहितानाच तो कोणत्या वाटेने घसरेल याचा विचार करून ठेवा.

दुसरा अनुभव कल चाचणीचा आहे. २०१६ पासून काही वर्षे राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे ते त्या अहवालात येत असे. आमच्या शाळेत एका हुशार मुलाच्या कागदावर ‘कृषी’ आले. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील तो कागद घडी करून खिशात घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “गुरुजी, वावरातच राबाचं होतं तं याले शाळेत कायले धाडलं?” मी त्यांना कृषी पदवी, बियाणे उद्योग, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हे सगळे सांगितले. ते ऐकत होते, पण त्यांच्या डोळ्यांत कृषी म्हणजे उन्हात वाकलेली पाठ एवढेच होते. दोष चाचणीचा नव्हता. तिच्या आधीची चार वर्षे आणि नंतरचे चार महिने रिकामे होते.

दिग्रसची_माय

त्या वडिलांना मी दोष देणार नाही. वावर मीही करते.

फिटर_शॉप

मी आयटीआयमध्ये (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत) शिल्प निदेशक, म्हणजे हाताचे काम शिकवणारा शिक्षक, आहे. माझी अडचण नेमकी सांगतो.

प्रवेशाचा अर्ज भरताना मुले इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोनच ट्रेड (व्यवसाय अभ्यासक्रम) पसंतीक्रमात टाकतात, कारण गावात दिसणारी तांत्रिक माणसे तेवढीच असतात. फिटर, टर्नर, ड्राफ्ट्समन (तांत्रिक आकृत्या काढणारा) हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, वेल्डर एका वर्षाचा आहे, यांपैकी काही दहावी अनुत्तीर्णांसाठीही खुले आहेत, हे त्यांना रांगेत उभे राहिल्यावर कळते. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला, की तंत्रनिकेतनात (पॉलिटेक्निकमध्ये) थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, अशी समजूत करून कित्येक पालक मुलाला कुठल्यातरी कनिष्ठ महाविद्यालयात नुसते नाव टाकायला लावतात.

शिकाऊ उमेदवारीचेही तसेच आहे. महावितरण, चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणी, भंडारा आणि भद्रावतीच्या आयुध निर्माणी ही नावे विदर्भातील प्रत्येक नववीच्या मुलाला माहीत असली पाहिजेत, आणि तिथे कोणत्या ट्रेडची मुले घेतात हेही.

माझी सूचना अशी, की सातवी-आठवीत हाताने मोजायला शिकवा. माझ्याकडे येणारा मुलगा गणितात ७० गुण घेऊन येतो आणि स्टीलच्या पट्टीवर १७ मिलिमीटरची खूण करताना चुकतो. तुमच्या २५ पैकी पाच तासिका मोजणे, आकृती काढणे आणि आकृती वाचणे यांवर खर्च केल्या, तरी आम्ही तुमचे ऋणी राहू.

सेवाग्राम_रस्ता

निदेशक सरांचे म्हणणे मोलाचे आहे, पण त्यांच्या एका गृहीतकाशी मी सहमत नाही. सहावी-सातवीच्या मुलासमोर नोकरीचे दार ठेवूनच काम मांडायचे का?

आपल्या विदर्भातच, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नई तालीमचा, म्हणजे कामातून शिक्षणाचा, आराखडा तयार केला. त्यातील सूत कातण्याची टकळी विणकर तयार करण्यासाठी नव्हती. सुताची लांबी मोजताना गणित, कापसाची जात ओळखताना विज्ञान, गिरण्यांचा इतिहास सांगताना समाजशास्त्र, असा तो प्रवास होता. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुले शेतात आणि स्वयंपाकघरात काम करताना विषय शिकतात. पैनगंगाकाठ सरांच्या आठवीच्या मुलांनी शेती लिहिली नाही, याचे कारण शाळेने त्या कामाला कधी वहीत जागा दिली नाही. आधी काम वहीत येऊ द्या, त्याची नोकरी होईल की नाही हे नववीत पाहू.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. तुमच्या २५ तासिकांखेरीज हे १० दिवसही वापरता येतील.

फिटर_शॉप

ताई, तुमचा मुद्दा मान्य आहे. मिलिमीटरची खूण ही सुद्धा वहीत आलेले कामच आहे. आपण दोघे एकाच वर्गात उभे आहोत, फक्त मी मागच्या दाराने आलो.

जिनिंग_काटा

मी पैनगंगाकाठ सरांच्याच जिल्ह्यात एका जिनिंगमध्ये (कापसातून बी वेगळे काढण्याच्या कारखान्यात) काट्यावर हिशेबाचे काम करतो. दप्तराविना दिवसासाठी जिनिंगसारखी जागा नाही, असे मला वाटते, म्हणून आत काय दिसते ते सविस्तर लिहितो.

गाडी आली, की आधी भरलेली आणि नंतर रिकामी अशी दोनदा वजन होते. ग्रेडर ढिगाच्या पोटातून कापूस काढून धाग्याची लांबी पाहतो आणि मॉइश्चर मीटर खुपसतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात, आणि १२ च्या वर खरेदीच नाही. दव असताना सकाळी वेचलेला कापूस तसाच भरून आणला, की शेतकऱ्याचे नुकसान होते. हे मीटर मुलांच्या हातात द्या आणि दोन ढीग मोजायला लावा. टक्केवारीचा धडा त्यांना पुन्हा शिकवावा लागणार नाही, आणि त्या रात्री घरी बापाशी त्यांचे बोलणे होईल.

पुढे डबल रोलर जिनवर रुई (तंतू) आणि सरकी (बी) वेगळी होते. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि १७० किलोची एक गाठ बांधली जाते, म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. सरकी तेलघाणीवर जाते आणि तिची ढेप पुन्हा त्याच गावच्या गोठ्यात येते. या एका आवारात ग्रेडर, जिन फिटर, इलेक्ट्रिशियन, प्रेसवरचे कामगार, हमाल, काटेवाला, हिशेबनीस, ट्रकचालक आणि बाहेरगावचा व्यापारी अशी माणसे आहेत. प्रत्येक मुलाने एका माणसाला गाठून तीनच प्रश्न विचारावेत : हे काम कुठे शिकलात, वर्षातून किती महिने मिळते, आणि आपल्या मुलाने हे करावे असे वाटते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकण्याची शिक्षकांनीही तयारी ठेवावी.

एक काळजी घ्या. जिन चालू असताना मुलांना यंत्राजवळ नेऊ नका, तोंडाला रुमाल बांधायला लावा आणि ३० पेक्षा जास्त मुले एका वेळी आणू नका.

दिग्रसची_माय

सर्वांचे वाचले. आता मला जे म्हणायचे आहे ते म्हणते, आणि ते थोडे कडू आहे.

माझा मोठा मुलगा दहावीला ७८ टक्क्यांनी पास झाला. निकालानंतर आठ दिवसांत शहरातील एका शिकवणीचे लोक घरी आले. कनिष्ठ महाविद्यालयात नाव राहील, हजेरीची चिंता नको, वर्ग आमच्याकडे होतील, असे त्यांनी सांगितले. तुरीचे सगळे पैसे आणि माझ्या गळ्यातले गहू मणी त्यात गेले. दोन वर्षांनी प्रवेश परीक्षेत त्याला जे गुण मिळाले त्यावर कुठेच जागा मिळाली नाही. त्याला चित्रे काढण्याचा आणि मोटर उघडून पाहण्याचा नाद होता, हे त्याच्या एकाही शिक्षकाला ठाऊक नव्हते. निदेशक सर, तुमचा ड्राफ्ट्समन हा शब्द मी आज पहिल्यांदा वाचला.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की या अभ्यासक्रमात पालकांचाही वर्ग असावा आणि त्यात पैशाचे बोलणे उघड व्हावे. कोणत्या वाटेला किती वर्षे लागतात, फी किती, वसतिगृह आहे का, कर्ज काढावे लागले तर ते कशातून फिटेल आणि नाही जमले तर परतीचा रस्ता कोणता, हे सगळे एका कागदावर हवे. आणि ही बैठक दिवसा घेऊ नका. दिवाळीच्या आसपास सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणी असते, त्या दिवसांत आम्ही दुपारी शाळेत येऊच शकत नाही. रात्री आठला ग्रामपंचायतीसमोर घ्या, बायासुद्धा येतील.

वैनगंगातीर

मायबाईंचा हा प्रतिसाद मसुद्याच्या पहिल्या पानावर लावावा असा आहे.

मी गडचिरोली जिल्ह्यात आश्रमशाळेत आहे. आमच्या मुलांची घरची भाषा गोंडी किंवा माडिया आहे, त्यामुळे मार्गदर्शनाचे छापील साहित्य वाचूनही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आम्ही गावातील माणसांनाच वर्गात बोलावतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावरील सामायिक हक्क, मिळाला आणि ग्रामसभा स्वतः बांबूची विक्री करू लागली. बांबूची मोजणी, लिलावाच्या अटी, ग्रामसभेचा हिशेब ही कामे कोणीतरी शिकलेल्या मुलानेच करायची असतात. जंगल सोडून जाणे म्हणजेच प्रगती, असे मुलांना आपण नकळत शिकवत असतो, ते या उदाहरणाने थोडे थांबते.

पोलीस भरतीबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. आमची मुले-मुली पहाटे रस्त्यावर धावतात आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण उंचीची सर्वसाधारण अट पुरुषांना १६५ आणि महिलांना १५५ सेंटिमीटर आहे, काही भागांतील उमेदवारांना सवलत असते, हे त्यांना कोणीच आधी सांगत नाही. एक मुलगा तीन वर्षे धावला आणि मैदानात पट्टीखाली उभा राहिल्यावर परत आला. वनरक्षकाचेही तसेच आहे. तिथे साधारणपणे बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो, अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावीवरही संधी आहे. कला शाखेच्या मुलाने अकरावीत भूगोल सोडला, तर ते दार त्याने स्वतःच्या नकळत लावलेले असते. म्हणून दहावीच्या तासिकांमध्ये ‘कोणता विषय सोडल्याने कोणते दार बंद होते’ हा एक धडा अवश्य ठेवा.

तंत्रनिकेतन_दुसरे_वर्ष

मी अमरावती जिल्ह्यातील खेड्यातून येऊन तंत्रनिकेतनात शिकते. वयाने लहान आहे, तरी लिहिण्याचे धाडस करते.

आमच्या गावातून हायस्कूलला जाण्यासाठी मानव विकास कार्यक्रमाची निळी बस होती, म्हणून आम्ही सात मुली दहावीपर्यंत पोहोचलो. पुढे तिघींचीच नावे राहिली. ज्या चौघी थांबल्या त्यांच्या घरी फीचे कारण सांगितले गेले. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेशाने घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. त्यांतील दोघींच्या घरी ही गोष्ट मी सांगितली, तोवर एकीचे लग्न ठरले होते.

माझा स्वतःचा प्रवेश फीमुळे अडला नाही, जात पडताळणीमुळे अडला. इतर मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. माझे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. शेवटी तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, पणजोबांच्या मुलीच्या जन्माची नोंद सापडली, तेव्हा बाबा त्या पानावर हात ठेवून बराच वेळ नुसते उभे होते. हे काम आठवीपासून सुरू झाले असते तर आमची त्या जूनमधली धावपळ वाचली असती.

जुना_खडू

बेटा, तुझ्या प्रतिसादाने मला एक धडाच सुचला. आठवीच्या इतिहासात वंशावळ हा उपक्रम ठेवावा. मुलाने आजी-आजोबांना विचारून चार पिढ्यांची नावे, गावे आणि कामे लिहावीत, आणि शिक्षकाने त्यातील कोणाची नोंद कोणत्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये मिळेल हे दाखवून द्यावे. कामांचा इतिहासही कळेल आणि कागदाचा मागही लागेल. मात्र ज्या घरात कागदच नाहीत, ज्यांचे आजोबा आयुष्यभर सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतगडी) राहिले, त्या मुलाला ही वंशावळ वर्गासमोर वाचायला लावू नका. ती शिक्षक आणि मुलगा यांच्यातच राहावी.

सेवाग्राम_रस्ता

याला पूर्ण अनुमोदन.

समुपदेशन_पदविका

मी शिक्षिका आहे आणि समुपदेशनाची पदविका केली आहे. कोणी शिकवावे, हा सरांचा प्रश्न मागे पडला आहे, म्हणून त्याकडे वळते.

या क्षेत्रातील अभ्यासक डोनाल्ड सुपर यांच्या मांडणीनुसार साधारण १४ वर्षांपर्यंतचा काळ स्वतःची प्रतिमा घडण्याचा आणि १५ ते २४ हा चाचपणीचा असतो. म्हणजे दहावीत मुलाने अंतिम निर्णय घ्यावा ही अपेक्षाच मुळात अवाजवी आहे. त्याला निर्णय घेण्याची रीत शिकवायची असते. हे काम वर्गशिक्षक करू शकतो, पण दोन पथ्ये हवीत. एक, मुलाला ‘तू हे कर’ असे सांगायचे नाही. आपल्या तोंडचे एक वाक्य त्याच्या घरी निकालासारखे पोहोचते. दुसरे, या विषयाला गुण द्यायचे नाहीत. त्याऐवजी प्रत्येक मुलाची एक वही सहावीपासून दहावीपर्यंत पुढे जावी. दिग्रसच्या ताईंच्या मुलाचा मोटर उघडण्याचा नाद अशा वहीत सातवीतच नोंदला गेला असता.

शाळा सात आहेत, तेव्हा एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन महिन्यातून एकदा प्रत्येक शाळेत फिरवता येईल का, ते पाहा. खडू सरांनी सांगितलेली आयोगाची शिफारस आपल्या बळावर तेवढी तरी अमलात येईल.

पैनगंगाकाठ

चार दिवसांत आपण सर्वांनी जे दिले ते मी दोन वेळा लिहून काढले आणि काल मुख्याध्यापकांच्या बैठकीत ठेवले. काय ठरले ते सांगतो.

सहावी-सातवीत गावातील कामे वहीत आणायची, मोजणे आणि आकृती काढणे त्यातच येईल, नोकरीचा शब्द काढायचा नाही. आठवीत वंशावळ, जिनिंगची भेट, आणि राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी. तिच्यातून निवड झालेल्या, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि आमच्या केंद्रातून मोजकीच मुले तिला बसतात. नववीत वाटांची ओळख, त्यात आयटीआयची भेट निदेशक सरांनी कबूल केली आहे. दहावीत विषय आणि दारे यांचा धडा, आणि प्रत्येक मुलाशी पालकांसह वीस मिनिटे स्वतंत्र बोलणे. वही पुढच्या शाळेत वर्गशिक्षकाच्या हाती सोपवण्याबद्दल हायस्कूलचे मुख्याध्यापक आधी साशंक होते, दाखल्यासोबत ती देण्यावर त्यांचा होकार मिळाला. फिरत्या शिक्षकासाठी दोघींनी नावे दिली आहेत. त्यांची शाळा त्या दिवशी कोणी सांभाळायची, हे अजून सुटलेले नाही.

आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडते, म्हणून पालकांची पहिली बैठक पोळ्यानंतरच्या आठवड्यात रात्री आठला ठेवली आहे. त्या बैठकीत पैशाचा कागद कोणी मांडायचा, यावर मात्र सगळे गप्प होते. आम्ही पगारदार माणसे, आमच्या तोंडून तो कितपत पटेल अशी शंका एका सहकाऱ्याने काढली, आणि ती मला रास्त वाटली.

जिनिंग_काटा

आठवीसाठी डिसेंबरचा दुसरा आठवडा धरा. तेव्हा आवक भरपूर असते. मालकांशी बोललो आहे, मीटर मुलांच्या हाती देऊ म्हणाले.

दिग्रसची_माय

पैशाचा कागद मी मांडते, सर. दिग्रसहून तुमच्याकडे यायला एसटी आहे आणि रात्री एखाद्या ताईंकडे राहीन. माझ्याकडे शेतीच्या हिशेबाची वही आहे, बियाणे, फवारणी, वेचणीची मजुरी, सगळे त्यात आहे. त्याच वहीत मुलाच्या शिकवणीची दोन पानेही आहेत, तारखेसह. मुलाला विचारले. तो म्हणाला, “माय, तेही पान दाखव, आन मी बी येतो संगं.”